आधी ऐकून घ्या, दुरुस्ती नंतर: पोरांशी बोलताना घरात काय काय करता येतं

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. धाकटा चौथीत होता. साडेचारला व्हॅनमधनं उतरला, दप्तर सोप्यात टाकलं आणि बूट न काढताच म्हणाला, "आई, मी उद्यापासनं शाळेला जाणार नाही." मी गॅसवर चहा ठेवत होते, मागं वळून न बघताच बोलले, "आधी पाय धू, सगळा चिखल आत आणलास. आणि शाळेला काय, शाळेत म्हण." तो पाय धुवायला गेला तो गेलाच, त्या विषयावर परत एक शब्द बोलला नाही. रात्री नीट जेवला नाही, सकाळी पोटात दुखतंय म्हणाला, मी ओवा दिला आणि पाठवला.

काय झालं होतं ते मला तीन दिवसांनी कळलं, तेही व्हॅनमधल्या दुसऱ्या पोराच्या आईकडनं. कन्नडच्या तासाला त्याला उठवून धडा वाचायला लावलेला. 'नम्म हळ्ळि' वाचायचं होतं, म्हणजे आमचं गाव. त्यानं वाचलं 'नम्म हल्लि', म्हणजे आमची पाल. कन्नडातला ल आणि ळ त्याच्या डोळ्यात अजून बसला नव्हता. वर्ग हसला, टीचरपण हसल्या, आणि मधल्या सुट्टीपासनं त्याचं नाव पाल पडलं. म्हणजे वर्गात भाषा चुकली म्हणून सगळे हसले, आणि ते सांगायला तो घरी आला तर मीपण आधी त्याची भाषाच दुरुस्त केली. हे कळल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही.

मी बेळगावला वडगावात राहते, मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, आणि संध्याकाळी मी घरीच तिसरी ते सातवीच्या पोरांची शिकवणी घेते. एक मराठी मीडियमचा, चार इंग्लिश मीडियमची, दोन कन्नड मीडियमची असा कारभार असतो. त्या दिवसानंतर मी पोरांशी बोलायची माझी पद्धत हळूहळू बदलली, जे वाचायला मिळालं ते वाचलं, घरात आणि शिकवणीत करून बघितलं. जे उपयोगी पडलं ते एकापाठोपाठ एक लिहिते, तुम्हीपण त्याच क्रमानं करून बघा, पण सगळं एकाच आठवड्यात करायला जाऊ नका, एक जमलं की पुढचं घ्या.

दारातनं आत आल्यावरची पहिली दहा मिनिटं

सुरुवात इथनं करा, कारण सगळ्यात सोपं हेच आहे. पोर घरात आल्यावर पहिली दहा मिनिटं होमवर्क, टेस्टचे मार्क, डबा संपवला का, युनिफॉर्म कसा मळला, यातलं काहीच विचारायचं नाही. पाणी द्या, चिरमुरे-फुटाणे नाहीतर गूळ-चपाती काय असेल ते द्या आणि जवळ बसा. दिवसभर बेंचवर गप्प बसून आलेलं पोर असतं ते, त्याच्या पोटात जे साठलंय ते याच वेळेला वर येतं, आणि नेमकं याच वेळेला आपण चौकशी लावतो. दुपारी-संध्याकाळी तुम्ही कामावर असाल तर तुम्ही घरात आल्यावरची दहा मिनिटं धरा, वेळ कुठली आहे याला महत्त्व नाही, रोज तीच पाहिजे एवढं बघा.

"आज शाळेत काय झालं?" हा प्रश्न फार मोठा आहे, त्याला "काय नाही" हेच उत्तर येतं. छोटा आणि ठरावीक प्रश्न विचारा. आज व्हॅनमध्ये खिडकीजवळ कोण बसलं? पावसात पीटी झाली की वर्गातच बसवलं? डब्यातली पोळी कुणाला दिलीस? यातल्या एखाद्यात धागा सापडतो. नाही सापडला तर सोडून द्या, उद्या परत दहा मिनिटं आहेतच.

हुंकार

निपाणीला माझी मावशी विड्या वळते. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि पानं, हात थांबतच नाहीत. पण तिच्या नातवंडांना बघावं, शाळेतनं आली की सूपाशेजारी फतकल मारून बसतात आणि सगळं सांगतात, कोण कुणाशी भांडलं, कोण पडलं, कुणाची कट्टी झाली. मावशी काय करते तर मधेमधे "हं", "मग?", "अगं बाई", "आणि तू काय म्हणालास?" एवढंच. सल्ला देत नाही, निकाल देत नाही. पूर्वी आज्जी गोष्ट सांगायची तेव्हा ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असायचा, हुंकार थांबला की गोष्ट थांबायची. पोर आपल्याला त्याची गोष्ट सांगत असतं, तेव्हा हुंकार द्यायचं काम आपलं. मी जी काही पुस्तकी माहिती नंतर वाचली ती सगळी मला मावशीच्या सूपाशेजारी बसलेली दिसली.

हुंकार देताना दोन गोष्टी सांभाळायच्या. एक म्हणजे थांबणं. अमेरिकेत मेरी बड रो म्हणून विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक होत्या, त्यांनी १९७० च्या आसपास वर्गातली बोलणी टेप करून तपासली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी एक सेकंदसुद्धा धड थांबत नव्हते. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले की पोरांची उत्तरं लांब आली, "माहीत नाही" कमी झालं, आणि एरवी गप्प बसणारी पोरंपण बोलायला लागली. मी शिकवणीत मनातल्या मनात एक-दोन-तीन-चार मोजायला लागले, पहिल्यांदा ती शांतता खायला उठते, पण खरंच फरक पडतो. घरात तर पाचपर्यंत मोजा. विशेषतः "काय नाही" म्हटल्यानंतर मोजा, कारण बऱ्याच वेळा खरं बोलणं "काय नाही"च्या नंतर येतं.

दुसरं म्हणजे चेहरा. हात कामात असू देत, भाजी चिरा, कपड्यांच्या घड्या घाला, चालतं. मोबाईल मात्र बाजूला ठेवा. मोबाईल बघताना आपला चेहरा पुसल्यासारखा कोरा होतो. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला होता, आईनं आधी तान्ह्या बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा एकदम निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं, हात पुढं करतं, ओरडतं, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर मान फिरवून रडायला लागतं. आठ वर्षाचं पोर रडत नाही, ते उठून आत जातं एवढाच फरक. आणि लहान पोर असेल तर खाली बसून बोला, त्याच्या डोळ्याला डोळा येईल असं. उभं राहून कमरेवर हात ठेवून विचारलेलं "काय झालं?" हे पोराला प्रेमाचं वाटत नाही, पोलिसाचं वाटतं.

मनात चाललंय त्याला नाव द्या

पोर चिडलं की आपण म्हणतो, चिडू नकोस. रडलं की रडू नकोस, एवढ्यात काय रडायचं. घाबरलं की घाबरायचं काय त्यात. आपण धीर द्यायला बोलतो पण पोराला ऐकू येतं की तुला जे वाटतंय ते चुकीचं आहे. त्याऐवजी जे वाटतंय त्याचं नाव घ्या, तेही विचारल्यासारखं, ठासून नाही. "सगळे हसले तेव्हा लाज वाटली काय रे?" असं. २००७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांच्या मेंदूचे स्कॅन घेऊन बघितलं होतं, भीती-राग दाखवणाऱ्या चेहऱ्यांना शब्दात नाव दिलं की मेंदूतला अमिग्डाला म्हणजे भीतीची घंटा वाजवणारा भाग शांत होतो. आपल्या म्हाताऱ्या माणसांना हे असंच ठाऊक होतं, "बोलून टाक म्हणजे मोकळं वाटेल" हे काय वेगळं आहे?

अडचण ही की आजकाल पोरांकडं त्यासाठी शब्दच तीन उरलेत, बोअर होतंय, टेन्शन आलंय आणि राग आलाय. लाज वाटली तरी राग, एकटं वाटलं तरी बोअर. मराठीत तर केवढे शब्द आहेत बघा. हिरमुसलास काय? खट्टू झालीस? ओशाळल्यासारखं झालं? कावराबावरा का झालास? धास्ती घेतलीस काय परीक्षेची? पोटात गोळा आला? हुरहूर लागली? रुसलीस की खरंच रागावलीस? जीव कानकोंडा झाला, अपमान वाटला, हेवा वाटला, चुकल्या चुकल्यासारखं वाटतंय. हे शब्द भांडणाच्या वेळी शिकवायचे नाहीत, एरवी गप्पात वापरायचे. मी स्वतःबद्दल बोलताना वापरते, "आज बँकेत सगळं कन्नडातनं लिहिलेलं, मला काहीच कळेना, मी अगदी कावरीबावरी झाले". आठ दिवसांनी धाकटा म्हणतो, "आई, मीपण आज कावराबावरा झालतो." बस, त्या दिवशी मला वाटलं की चला, एक शब्द घरात आला.

नाव चुकलं तरी बिघडत नाही. तुम्ही म्हणाल लाज वाटली काय, ते म्हणेल, "लाज नाही, राग आला, माझा मित्र पण हसला म्हणून." बघा, तुमच्या चुकीच्या अंदाजामुळं खरं बाहेर आलं. फक्त अंदाज बांधून तिथंच थांबा, लगेच "मग तूच असं करायला पाहिजे होतंस" असं सुरू करू नका.

कुठल्या भाषेत बोलतंय याच्याकडं नंतर बघा

हे आपल्या भागासाठी मुद्दाम लिहिते कारण पुण्या-मुंबईचे लेख वाचले तर त्यात हे नसतं. आपलं पोर दिवसात तीन-चार भाषा करतं. घरात मराठी, तीपण आपली बेळगावी, शाळेत इंग्लिश आणि कन्नड, मैदानावर हिंदी-कन्नड-मराठी सगळी खिचडी. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, कुठंही जावा, थोड्याफार फरकानं हेच. आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी त्याला सुधारायला बसलेलं असतं. शाळेत म्हणतात कन्नड नीट बोल, क्लासमध्ये इंग्लिशमध्ये बोल, कोल्हापूरची आत्या आली की म्हणते, "काय करालास काय, काय करतोयस म्हण." दिवसभर चारी बाजूनं दुरुस्ती. मग मोकळं बोलायचं कुठं?

म्हणून घरात एक नियम करा. पोर मनातलं सांगत असताना भाषा दुरुस्त करायची नाही. "टीचरनी मला पनिशमेंट केली, मला सिट्टु आला" असं म्हणालं तर सिट्टु म्हणजे राग हे तुम्हाला कळलंय ना, मग झालं. दुरुस्ती करायचीच असेल तर ती तुमच्या उत्तरात घाला. "टीचरनी शिक्षा केली होय, मग राग येणारच की." बरोबर शब्द त्याच्या कानावर पडला, बोलणंपण तुटलं नाही. लहान मूल बोलायला शिकतं तेव्हा प्रत्येक आई हेच करत असते, पोर "पापी" म्हणतं, आई "पाणी पाहिजे होय बाळाला" म्हणते. शाळेत जायला लागलं की हे आपण का सोडतो कळत नाही.

त्या ल आणि ळ चं पुढं काय झालं ते सांगते. मला स्वतःला कन्नड बोलता येतं थोडं, वाचता येत नाही. मी धाकट्याला म्हटलं, मलापण हा ळ ओळखता येत नाही, तू शिकलास की मला शिकव. दोन दिवसांनी आम्ही सीबीटीला, म्हणजे बसस्टँडला उभे होतो आणि हा एकदम ओरडला, "आई, तो बघ ळ!" बसच्या पाटीवर बेळगावी लिहिलेलं, त्यात मधोमध ळ. त्यानं बोटानं हवेत गिरवून दाखवला, मग माझ्या तळहातावर गिरवला. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक बसवर आम्ही ळ शोधला, आमची वडगावची बस येऊन गेली तरी कळलं नाही. ज्या अक्षरानं त्याला वर्गात खाली बघायला लावलं तेच अक्षर तो आता आईला शिकवत होता. आता लाईट बिल आलं की महिना कुठला आणि आकडा कशाचा हे तो वाचून दाखवतो आणि मी खरंच त्याच्याकडनं शिकते, नाटक म्हणून विचारत नाही. पण एक सांभाळा, दवाखान्यात किंवा ऑफिसात मोठ्यांच्या गंभीर कामात पोराला दुभाषा करू नका, ते ओझं त्याच्या वयाला झेपणारं नसतं.

ऐकून घेतलं म्हणजे सगळं मान्य केलं असं नाही

बऱ्याच आया मला इथं अडवतात. "असं लाडानं बोललं तर डोक्यावर बसतील." नाही बसत, कारण ऐकणं वेगळं आणि परवानगी वेगळी. भावनेला होय म्हणायचं, वागण्याला हद्द घालायची. मोबाईलचं उदाहरण घ्या. "गेम मधेच बंद करायला लागतोय म्हणून चिडलास, मला कळतंय. मोबाईल आठला ठेवायचा हे ठरलंय. तू स्वतः चार्जिंगला लावतोस की मी लावू?" तीन वाक्यं, बस. पहिल्यात त्याचं मन, दुसऱ्यात नियम, तिसऱ्यात त्याच्या हातात काहीतरी. चौथं वाक्य बोलायला गेलात की ते भाषण होतं. नियम मोजके ठेवा पण ठेवलेत ते पाळा, आज पाहुणे आलेत म्हणून सोडला आणि उद्या डोकं दुखतंय म्हणून आवळला असं केलं की पोर नियम बघत नाही, तुमचा मूड बघायला शिकतं.

आणि पोर रागानं थरथरत असेल, आदळआपट चालू असेल, तेव्हा काहीच शिकवायचं नाही. विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला विशी उलटून जाते, पंचविशीपर्यंत त्याची वाढ चालू असते, आणि आपण सात वर्षाच्या पोराकडनं अपेक्षा करतो की त्यानं एका मिनिटात शांत व्हावं. जवळ बसा, मारामारी असेल तर हात धरा, "मी हितंच आहे" म्हणा. बाकी सगळं जेवण झाल्यावर.

कौतुक कशाचं करायचं

माझ्या शिकवणीला पाचवीतली एक मुलगी येते. तिला भागाकार यायचा नाही. एकदा मी तिची वही हातात घेतली तर पान खोडून खोडून झिरझिरीत झालेलं, एका ठिकाणी तर खोडरबरानं भोकच पडलेलं, त्या भोकातनं खालच्या पानावरचे आकडे दिसत होते. उत्तर शेवटी बरोबर होतं. पूर्वी मी म्हटलं असतं, "व्वा, हुशार आहेस!" त्या दिवशी मी त्या भोकावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "इथं तू किती वेळा परत मांडलंस गं? सोडलं नाहीस." ती म्हणाली, "चार वेळा." आणि मग आपण होऊन सांगायला लागली की पहिल्यांदा बाकी कुठं चुकली, दुसऱ्यांदा काय केलं. म्हणजे तिनं सगळा भागाकार मला परत समजावून दिला.

यामागचा प्रयोग प्रसिद्ध आहे. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी पाचवीच्या वयाच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. झाल्यावर काहींना म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं तू खूप कष्ट घेतलेस. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली, नंतर सोपी कोडी दिली तरी आधीपेक्षा कमी सोडवली, आणि आपले मार्क दुसऱ्यांना लिहून कळवताना त्यांच्यातल्या जास्त मुलांनी वाढवून सांगितले. कष्टाचं कौतुक झालेली मुलं अवघड कोड्यांवर टिकून राहिली. मला यातलं खोटे मार्क सांगणं फार लागलं. हुशार हे नाव एकदा मिळालं की ते राखायला पोर खोटं बोलायला लागतं, म्हणजे आपण कौतुक करता करता त्याला कोपऱ्यात ढकललं.

म्हणून कौतुक करताना जे डोळ्यानं दिसलं ते सांगा. "अक्षर छान" याच्याऐवजी "आज सगळ्या ओळी रेघेवर बसल्यात". "शहाणी गं माझी" याच्याऐवजी "मी न सांगता आज्जीला पाणी दिलंस, बघितलं मी". कष्टच केले नसतील तर कष्टाचं खोटं कौतुक करू नका, पोरांना लगेच कळतं.

तुलना तर बंदच करा. आपल्याकडं शाळांना दसऱ्याची मोठी सुट्टी, महाराष्ट्रात दिवाळीची, त्यामुळं दिवाळीला कोल्हापूर-गडहिंग्लजची भावंडं निवांत येऊन राहतात आणि आपल्या पोरांची शाळा सुरू झालेली असते. त्यात परत चार मोठी माणसं बसून मार्क काढतात. इकडं एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, ६२५ पैकी मार्क, तिकडं दहावीचा हिशोब वेगळा, विषय वेगळे, भाषा वेगळ्या, तरी टक्केवारी लावून कोण पुढं हे ठरवतातच. अशा वेळी पोर शेजारी बसलेलं असेल तर विषय बदला, मोठ्यांना वाईट वाटलं तरी चालेल. मी सरळ सांगते, "तिच्यासमोर नको, आपण नंतर बोलू."

आपलं चुकलं तर

चुकणारच. फौंड्रीतनं दुसरी पाळी करून आलेला बाप किंवा दिवसभर उभं राहून थकलेली आई, आवाज चढतो. तेव्हा नंतर जाऊन माफी मागा, आणि माफीला शेपूट लावू नका. "मी ओरडले, चुकलं माझं, पण तूपण..." यातला "पण" आला की माफी गेली. "मी ओरडले. तुला भीती वाटली असणार. चुकलं माझं." इथं पूर्णविराम. मी त्या पालीच्या गोष्टीनंतर धाकट्याला असंच म्हटलं होतं, की तू त्या दिवशी सांगायला आलतास आणि मी ऐकलं नाही. तो काही बोलला नाही, फक्त रात्री अंथरूण ओढून माझ्या बाजूला आणलं.

हात उचलण्याबद्दल एवढंच, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शाळेत मारायला आणि मानसिक छळ करायलाही मनाई केली आहे. म्हणजे परक्या शिक्षकानं आपल्या पोराला मारू नये हे देशानं कायद्यात लिहिलं, तर घरच्या माणसानं मारावं याला काय आधार राहतो? टोपणनाव पाडून चिडवणं हापण छळच, मी शाळेत जाऊन टीचरना भेटले, भांडले नाही, पोराला काय वाटलं तेवढं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

अवघड प्रश्न: १ नोव्हेंबर

शाळेत राज्योत्सव, म्हणजे कर्नाटक राज्याचा स्थापना दिवस, लाल-पिवळे कपडे घालून नाच. घरात आजोबा दंडाला काळी फीत लावून सायकल फेरीला निघालेले. आपल्याकडं कितीतरी घरात हे एकाच सकाळी होतं. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासनं हा दिवस असा दोन रंगांचा आहे. धाकट्यानं विचारलं, "आई, मी नाचू की नको? आजोबा रागवतील काय?"

इथं आधी खरा प्रश्न ओळखायचा. त्याला इतिहास नको होता, त्याला भीती होती की एका बाजूचं ऐकलं तर दुसरी बाजू तुटेल. म्हणून आधी ते, "आजोबांना वाईट वाटेल म्हणून काळजी वाटतेय होय?" मग त्याच्या वयाला पुरेल एवढी माहिती, दोन-तीन वाक्यात, की आपला भाग कुठल्या राज्यात असावा यावरनं मोठ्या माणसांचं मत वेगळं आहे, आजोबांना मराठी राज्यात जायचं होतं, ते शांतपणे सांगायला म्हणून ते फेरीला जातात. आणि मग त्याच्यावरचं ओझं काढायचं, "तुला आज कुणाची बाजू घ्यायची नाही. तू तुझ्या मित्रांबरोबर नाच." त्याच्या वर्गातला सगळ्यात जवळचा मित्र घरी कन्नड बोलतो, त्याच्या भाषेला नावं ठेवून मी माझ्या पोराला मराठीची माया शिकवू शकत नाही, माया अशी शिकवता येत नाही. आजोबा पायरीवर बसून सायकलची हवा बघत होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी विचारलं, "कुठलं गाणं हाय रे नाचाला?" आणि ह्यानं तिथंच अर्धा नाच करून दाखवला.

घरातलं बोलणं पुरत नसेल तर

पोर दोन-तीन आठवडे सारखं गप्प आहे, झोप-जेवण बिघडलंय, शाळेचं नाव काढलं की रोज पोटात दुखतंय, स्वतःला इजा करायची भाषा करतंय, किंवा कुणी नको तिथं हात लावल्याचं सांगतंय, तर हुंकारावर थांबू नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" हे वाक्य आधी, आणि लगेच मदत. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाईन नंबर आहे, फुकट लागतो. मनाच्या तक्रारींसाठी टेली-मानस, १४४१६, २०२२ पासनं सुरू आहे, तिथं भाषा निवडता येते. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, घरातच मिटवू असं म्हणू नका.

मोठी पोरं

वर लिहिलेलं बरंच लहानांना चालतं. तेरा-चौदाच्या पुढं समोर बसून डोळ्यात बघून बोलायला गेलात की ती आणखी मिटतात. त्यांच्याशी शेजारी बसून बोलावं लागतं, दोघांचे डोळे दुसरीकडं असताना. भांडी पुसताना, भात निवडताना, गाडीवरनं जाताना. प्रश्न कमी, सोबत जास्त. माझी थोरली नववीत आहे, ती घरात दोन शब्द बोलते आणि स्कूटरवर मागं बसली की वीस.

परवा क्लासहून तिला घेऊन काँग्रेस रोडनं येत होते, दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो, गेट पडलेलं, पुढं-मागं गाड्या, हॉर्न. मागनं आवाज आला, "आई, मला पुढं सायन्स घ्यायचं नाही." माझ्या तोंडावर चार वाक्यं आली होती, तिच्या बाबांची इच्छा, क्लासची फी, सगळं. मी म्हटलं, "हं." रेल्वे गेली, गेट उघडलं, ती काही बोलली नाही, मीपण नाही. वडगावात घराजवळ आल्यावर मी स्कूटर बंद केली पण उतरले नाही, हँडल धरून पुढं बघत तशीच बसले. शेजारच्या काकू गॅलरीतनं बघत होत्या काय झालं म्हणून. थोड्या वेळानं तिनं माझ्या पाठीला डोकं टेकलं आणि म्हणाली, "रागवणार नसशील तर सांगते." मी परत म्हटलं, "हं." त्या दिवशी कुकर लावायला नऊ वाजले.